आपाची गोळी : फिटच्या औषधांचा दीडशे वर्षांचा हिशेब

माझ्या खालाची थोरली मुलगी, आम्ही सगळे तिला आपा म्हणतो, नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा शाळेत पडली. तोंडाला फेस, हातपाय ताठ. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा. मोहल्ल्यात 'मिरगी' म्हणाले, शेजारच्या काकू 'फेफरं' म्हणाल्या, शाळेतल्या बाईंनी 'आकडी' म्हटलं. दर्गा झाला, तावीज झाले. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि झटके थांबले. त्या गोळीनं आपाला शाळा परत दिली, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं सगळं वाचून कुणाला औषधच वाईट असं वाटू नये.

आपाचं लग्न झालं ते आजार लपवून. सासरी ती गोळी पावडरच्या डब्यात ठेवायची. २००४ साली तिला दिवस गेले. दवाखान्यात नाव घातलं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. फिटच्या गोळीबद्दल कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मुलगा झाला. गोरागोमटा, पण बोलायला लागला चौथ्या वर्षी. चालायला उशीर, शाळेत अक्षरं लागेनात, माणसांच्या डोळ्यांत बघायचा नाही. सासूनं आपाच्या नशिबाला बोल लावला. आपा मात्र एकच प्रश्न धरून बसली, तो तिनं मला काही वर्षांपूर्वी विचारला. "भाई, माझ्या गोळीनं झालं का रे हे?"

ती गोळी सोडियम व्हॅल्प्रोएटची होती. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. म्हणून मी तिच्या प्रश्नाला माझ्या पद्धतीनं भिडलो. २००४ साली जगाला काय माहीत होतं? आणि जे माहीत होतं ते आपापर्यंत का पोचलं नाही?

पहिलं औषध, चुकीच्या कारणासाठी

फिटचा आजार मेंदूचा आहे, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ग्रीक वैद्यांनी तसं लिहून ठेवलं. आयुर्वेदात अपस्मार आहे. इब्न सीनानं 'अल-कानून'मध्ये 'सरअ' हा डोक्याच्या आजारांमध्ये घातला. पण खात्रीनं झटके कमी करणारं औषध एकोणिसाव्या शतकापर्यंत कुणाच्या हाती नव्हतं.

ते हाती लागलं १८५७ साली. लंडनमधल्या वैद्यकांच्या एका सभेत राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स लोकॉक यांनी सांगितलं की पोटॅशियम ब्रोमाइड दिल्यावर त्यांच्या काही स्त्री रुग्णांचे झटके थांबले. त्यामागचा विचार आज हास्यास्पद वाटतो. फिट कामवासनेतून येतात आणि ब्रोमाइडनं वासना मंदावते, असा तेव्हाचा समज होता. कारण चुकीचं, पण औषध लागू पडलं.

त्याची किंमतही लवकरच दिसली. ब्रोमाइड घेणारी माणसं सुस्त व्हायची, विसराळू व्हायची, अंगावर पुरळ यायचे. 'ब्रोमिझम' हा शब्दच त्यातून निघाला. झटका थांबवायचा तर मेंदू थोडा झोपवावा लागतो, ही तडजोड तेव्हापासून सुरू झाली. मोठ्या माणसाचा मेंदू झोपला तर तो जागा होऊ शकतो. ज्याचा मेंदू अजून बांधला जातोय त्याचं काय, हा प्रश्न विचारायला मात्र शंभरेक वर्षं लागली.

ल्युमिनल आणि डायलॅन्टिन

१९१२ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरनं झोपेचं एक नवं औषध फिटच्या रुग्णांना दिलं आणि झटके कमी झाले. ते फिनोबार्बिटोन, बाजारातलं नाव ल्युमिनल. स्वस्त, टिकाऊ आणि परिणामकारक असल्यानं ते आजही गरीब देशांच्या दवाखान्यांत आहे. हाउप्टमान ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांची प्राध्यापकी गेली, १९३८ साली त्यांना दाखाऊच्या छळछावणीत टाकलं गेलं, आणि पुढे ते अमेरिकेला निघून गेले.

त्याच १९३८ साली बोस्टनमध्ये ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी फेनिटॉइन हे औषध रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष छापले. हे औषध योगायोगानं सापडलं नव्हतं. मांजरांना विजेच्या झटक्यानं फिट आणायची आणि एकेक रसायन देऊन बघायचं, अशा पद्धतशीर शोधातून ते हाती आलं. झोप न आणता फिट थांबवता येते, हे त्यानं दाखवून दिलं.

पोटातल्या बाळाकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते थॅलिडोमाइडच्या अनर्थानंतर. आईनं घेतलेल्या गोळीनं बाळाचे हातपाय खुरटतात, हे १९६१ नंतर जगानं पाहिलं. तोवर वार, म्हणजे प्लासेंटा, बाळाला बाहेरच्या विषांपासून वाचवते अशी सर्वसाधारण समजूत होती. १९६८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं 'लॅन्सेट'मध्ये छोटं पत्र लिहून कळवलं की फिटची औषधं घेणाऱ्या काही आयांच्या मुलांना फाटलेला ओठ आणि इतर व्यंगं दिसतायत, इतरांना असा अनुभव आहे का? १९७५ साली फेनिटॉइन घेतलेल्या आयांच्या बाळांमधल्या व्यंगांना स्वतंत्र नाव मिळालं.

द्रावकच औषध निघालं

आपाच्या गोळीची जन्मकथा वेगळीच आहे. व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड १८८२ साली प्रयोगशाळेत तयार झालं. त्यानंतर ऐंशी वर्षं ते नुसतं द्रावक होतं, म्हणजे दुसरी औषधं विरघळवायचं पातळ रसायन. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पिएर एमार हा संशोधक खेलिन या पदार्थापासून बनवलेली नवी रसायनं तपासत होता. खेलिन मिळतं खेल्ला नावाच्या वनस्पतीतून, जिचा उपयोग इजिप्तमधली माणसं मुतखड्यावर पिढ्यान्पिढ्या करत आली. एमारची रसायनं विरघळेनात, म्हणून ती व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिडमध्ये विरघळवली गेली. प्राण्यांवर तपासलं तर एकूण एक रसायन फिट थांबवत होतं. सगळीच कशी थांबवतील? शेवटी लक्षात आलं की काम रसायनं करत नव्हती, ज्यात ती विरघळवली होती ते द्रावक करत होतं.

१९६३ साली हे छापून आलं, १९६७ साली फ्रान्समध्ये औषध विक्रीला आलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत ब्रिटन आणि अमेरिकेतही आलं. जवळजवळ सगळ्या प्रकारच्या फिटवर लागू पडणारं, फार झोप न आणणारं औषध. डॉक्टर खूश झाले, आणि त्यांचं चुकलं असंही नाही. काही प्रकारच्या फिट आजही याच औषधानं सर्वांत नीट आटोक्यात येतात.

ब्रिटनमध्ये परवानगी देताना, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच, प्राण्यांवरच्या प्रयोगांतून गर्भाला धोका असू शकतो हे अधिकाऱ्यांना माहीत होतं. डॉक्टरांना ते कळवायचं ठरलं. पण खोक्यातल्या चिठ्ठीवर ते छापायचं नाही असंही ठरलं, कारण रुग्ण उगाच घाबरतील. हे कागद पुढे अनेक दशकांनी लोकांसमोर आले. मी ते वाचलं तेव्हा आपाचा पावडरचा डबा आठवला. तिच्यापासून सासरच्यांनी काही लपवलं नव्हतं, तीच लपवत होती. पण तिच्या कितीतरी आधी, तिनं कधी नावही न ऐकलेल्या शहरात, तिच्यासारख्या बायकांना काय कळू द्यायचं याचा निर्णय झालेला होता.

ल्योंची नोंदवही

१९८२ साली ल्यों शहरातल्या एलिझाबेथ रोबेर या डॉक्टरला जन्मजात व्यंगांच्या नोंदवहीत एक गोष्ट खटकली. पाठीचा कणा नीट न मिटलेली, म्हणजे स्पायना बायफिडा असलेली जी बाळं जन्मली, त्यांच्या आयांमध्ये व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बायका अपेक्षेपेक्षा फारच जास्त होत्या. सर्वसाधारणपणे हजारात एखाद्या बाळाला होणारं हे व्यंग या आयांच्या बाळांमध्ये शंभरात एक ते दोन असं दिसत होतं. ही बातमी 'लॅन्सेट'मध्ये छापून आली आणि जगभर पोचली.

म्हणजे आपाला दिवस गेले त्याच्या बावीस वर्षं आधी हे माहीत होतं. कणा मिटण्याची क्रिया गर्भधारणेच्या पहिल्या चार आठवड्यांत होते. बऱ्याच बायकांना तेव्हा पाळी चुकल्याचंही नीट उमगलेलं नसतं. नाव घालायला दवाखान्यात जाईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे हा सल्ला गरोदरपणात देऊन उपयोग नाही. तो लग्नाच्या आधी द्यायला हवा, आणि लग्नाच्या आधी तर आजार लपवायचा असतो.

या लपवाछपवीला कायद्याचाही हातभार होता. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाला अडथळा मानला होता, १९५४च्या विशेष विवाह कायद्यातही. तो शब्द १९९९ साली काढला गेला. आमच्या निकाहनाम्यात असा रकाना कधीच नव्हता, पण त्यानं काही फरक पडला नाही. फिट येणाऱ्या मुलीचे आईबाप दोन्हीकडे सारखेच घाबरलेले.

दिसणारं व्यंग आणि न दिसणारं

फाटलेला ओठ जन्मताच दिसतो. पण शब्द उशिरा येणं, अक्षर न लागणं, माणसांत न मिसळणं हे कळायला वर्षं जातात. तोवर गोळी आणि मूल यांचा संबंध जोडायला कुणी शिल्लक नसतं. औषधांचा मेंदूवरचा परिणाम इतका उशिरा ओळखला गेला त्याचं हे मोठं कारण.

पहिला ठोस धक्का फिनोबार्बिटोननं दिला, तोही जन्मलेल्या मुलांत. तापात झटके येणाऱ्या लहान मुलांना वर्षानुवर्षं हे औषध रोज दिलं जायचं. १९९० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी २१७ मुलांवर केलेली चाचणी छापली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती साधी गोळी. दोन वर्षांनी औषध घेणाऱ्या मुलांचा बुध्यंक सरासरी ८.४ गुणांनी कमी भरला. आणि झटके? त्यांच्यात लक्षणीय फरकच नव्हता. ज्यासाठी औषध दिलं तेही साधलं नाही. तापातल्या साध्या झटक्यांसाठी रोज फिनोबार्बिटोन देण्याची पद्धत त्यानंतर मागे पडत गेली.

हे का होतं याचा एक धागा २००२ साली बर्लिनमध्ये सापडला. पेट्रा बिटिगाउ आणि क्रिसान्थी इकोनोमिडू यांच्या गटानं उंदरांच्या तान्ह्या पिल्लांना फिटची औषधं दिली. वाढत्या मेंदूत पेशी एकमेकींना जगण्याचे संदेश देत असतात. ज्या पेशीला संदेश मिळत नाही ती स्वतःच मरते, ही निसर्गाची काटछाट. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, डायझेपाम, व्हॅल्प्रोएट या औषधांनी मेंदूतली हालचाल इतकी शांत केली की जगायला हव्या होत्या त्या पेशीही संदेशाअभावी मेल्या. त्याच गटानं पिल्लांना इस्ट्रोजन संप्रेरक दिलं तेव्हा ही हानी कमी झाली. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. पण औषधाचा फायदा ठेवून मेंदू वाचवता येईल का, हा प्रश्न आता प्रयोगशाळेत आला.

मग आली मोठी पाहणी. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या २५ केंद्रांत, १९९९ ते २००४ या काळात, फिटचं एकच औषध घेणाऱ्या गरोदर बायकांची नोंद झाली आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा झाला. त्याचे प्रमुख किमफर्ड मेडॉर. तीन वर्षांच्या मुलांचे निष्कर्ष २००९ साली आले. लॅमोट्रिजीन घेतलेल्या आयांच्या मुलांचा सरासरी बुध्यंक १०१, फेनिटॉइन ९९, कार्बामाझेपीन ९८, आणि व्हॅल्प्रोएट ९२. सहाव्या वर्षीही हे अंतर मिटलं नाही. डोस जितका जास्त तितकं नुकसान जास्त. याच पाहणीत एक आशेची गोष्ट निघाली. गर्भधारणेच्या आसपास फॉलिक अ‍ॅसिड घेतलेल्या आयांच्या मुलांचा बुध्यंक सरासरी १०८ होता, न घेतलेल्यांच्या मुलांचा १०१. २०१३ साली डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेच्या छटा असण्याचं प्रमाण ४.४ टक्के होतं, इतरांमध्ये १.५.

आता आपाचा २००४ सालचा प्रश्न. कण्याच्या व्यंगाची माहिती तेव्हा पक्की होती. मेंदूच्या वाढीबद्दल संशयही छापून आलेला होता. २००१ सालीच इंग्लंडमधल्या एका पाहणीनं दाखवलं होतं की व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या मुलांना शाळेत जादा मदत लागण्याचं प्रमाण बरंच मोठं आहे. भक्कम आकडे यायला अजून पाच वर्षं होती. पण 'बाई, मूल हवं असेल तर आधी येऊन भेट, औषध बदलता येतं का बघू' एवढं वाक्य म्हणायला पुरेसं ज्ञान २००४ साली होतं.

आपल्या देशातही होतं. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ सालापासून फिट असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही चालू आहे. त्या बायका आणि त्यांची मुलं यांचा तिथं वर्षानुवर्षं पाठपुरावा होतो. नोंदवही केरळात होती आणि आपा आमच्या गल्लीत.

आयांनी लढाई लढली

पुढचा इतिहास आयांचा आहे. फ्रान्समध्ये मरिन मार्टिन या बाईनं गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं होतं, तिच्या दोन्ही मुलांवर परिणाम झाला. २०११ साली तिनं अशा कुटुंबांची संघटना काढली. सरकारी चौकशी झाली. २००७ ते २०१४ या काळात फ्रान्समध्ये १४ हजारांहून जास्त गरोदर बायकांना हे औषध मिळालं होतं, असं निघालं. धोका जाहीर झाल्यावर पाव शतकानंतरची ही संख्या आहे. २०२२ साली पॅरिसच्या न्यायालयानं सनोफी कंपनीला पुरेशी माहिती न दिल्याबद्दल जबाबदार धरलं.

ब्रिटनमध्ये जॅनेट विल्यम्स आणि एमा मर्फी या दोन आयांनी असाच लढा दिला. २०२० सालच्या कम्बरलेज चौकशी अहवालानं मान्य केलं की बायकांचं वर्षानुवर्षं ऐकून घेतलं गेलं नाही. २०१८ पासून युरोपात नियम आहे की दिवस जाऊ शकणाऱ्या स्त्रीला दुसरा उपाय असेल तर हे औषध द्यायचं नाही, आणि द्यावंच लागलं तर गर्भनिरोधनाची खात्री, लेखी समज आणि दरवर्षी फेरविचार. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ साली मुली आणि तरुण स्त्रियांमध्ये ते न वापरण्याची शिफारस केली.

पण इतिहास वाचताना एक चूक मला टाळायची आहे. औषध वाईट म्हणून फेकून द्या, हा धडा यातून निघत नाही. फिटही मेंदूला इजा करते. औषध एकदम बंद केलं तर झटक्यांची मालिका सुरू होऊन आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. सुरक्षित पर्याय शोधणंही सोपं नाही. नवजात बाळांच्या झटक्यांवर जुनं फिनोबार्बिटोन बरं की नवं, मेंदूला सौम्य मानलं जाणारं लेव्हेटिरासिटाम, याची चाचणी २०२० साली छापली गेली. जुन्यानं ८० टक्के बाळांचे झटके थांबले, नव्यानं २८ टक्के. त्याआधी ब्युमेटानाइड या औषधाची जोड देऊन पाहिली, तर काही बाळांची श्रवणशक्ती गेली आणि चाचणी थांबवावी लागली. वाढत्या मेंदूला वाचवण्याची वाट अजून अर्ध्यावर आहे. तूर्त हाती आहे ते एवढंच : योग्य औषध निवडणं, शक्यतो एकच औषध, लागेल तेवढाच डोस, वेळेवर फॉलिक अ‍ॅसिड, आणि हे सगळं आधी बोलून ठरवणं.

आपाला काय सांगितलं

हे सगळं वाचून मी आपाकडे गेलो. तिला खोटं सांगायचं नव्हतं. मी म्हणालो, "गोळीमुळे झालेलं असू शकतं. खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही, कारण ती गोळी घेणाऱ्या बऱ्याच आयांची मुलं ठीक असतात आणि न घेणाऱ्यांच्या मुलांनाही असा त्रास होतो. पण तुझी चूक नव्हती. ज्यांना माहीत होतं त्यांनी तुला सांगायला हवं होतं."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी तर विचारलंच नव्हतं ना कुणाला."

मी म्हणालो, "विचारायचं असतं हेच तुला कुणी सांगितलं नव्हतं."

गेल्या वर्षी आमच्याच घरात, आपाच्या धाकट्या भावाच्या मुलीला, फिट येऊ लागल्या. पोरगी चौदा वर्षांची. या वेळी आपा स्वतः सोबत आली. फाइल तिच्या हातात होती. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा आपानंच विचारलं, "डॉक्टरसाहेब, पोरगी मोठी होणार, तिचं लग्न होणार. ही गोळी तेव्हा चालेल ना?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दहा मिनिटं बसून समजावलं, कुठलं औषध का देतोय ते सांगितलं, आणि लग्न ठरलं की आधी भेटायचं असं फाइलवर मराठीत लिहून दिलं.

बाहेर आल्यावर पोरीनं फाइल मागून घेतली आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. आपा म्हणाली, "ही फाइल लपवायची नाही हं." आपाचा मुलगा आता वीस वर्षांचा होऊन गेलाय. तो आमच्यासाठी रिक्षा अडवून उभा होता. पत्ता त्यानंच सांगितला, सावकाश, पण बरोबर.